आधी उतार, मग चढ: बंगोनियाच्या फेरीला जाण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही चौघं, सगळ्यांचं सह्याद्रीत चांगलं हिंडणं झालेलं. राजगड-तोरणा, हरिश्चंद्रगड, त्यातले दोघं नळीच्या वाटेनेही चढलेले. सिडनीला येऊन वर्ष-दीड वर्ष झालं. आता येत्या शनिवारी, एप्रिलच्या सुरुवातीला, बंगोनिया राष्ट्रीय उद्यानातला ‘रेड ट्रॅक’ करायचा आहे. जेमतेम चार किलोमीटरची फेरी, पण माहितीत सगळीकडे ‘ग्रेड ५’ (म्हणजे इथल्या श्रेणीतली सगळ्यात अवघड वाट), ‘खडा उतार’, ‘खुणा विरळ’ असे इशारे. दम आहे, सवय आहे, मग एवढा बाऊ कशाचा आणि वेगळी तयारी काय करायची?

जा, जरूर जा. पण येत्या शनिवारी नको. तुमच्या दमाबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती सह्याद्रीत अंगवळणी पडलेल्या काही सवयींबद्दल. तिथे त्या सांभाळून घेतात, इथे त्याच गोत्यात आणतात. म्हणून थोडं लांबण लावून लिहितो.

पहिली सवय विचारण्याची. आपल्याकडे पायथ्याच्या गावात चहा घेता घेता निम्मी वाट कळते. पुढे पदरात एखादी वाडी असते, गुरं घेऊन आलेला पोरगा असतो, मोळी घेऊन उतरणाऱ्या मावशी असतात. वाट चुकली तरी हाक मारली की कोणीतरी ओ देतं, आणि अगदीच नाही तर एखादी ढोरवाट धरली की संध्याकाळपर्यंत ती कुठल्या तरी गोठ्यापाशी नेऊन सोडते. या आधारावर आपण किती विसंबलेलो असतो हे आपल्यालाच माहीत नसतं. बंगोनियाच्या घळीत विचारायला कोणी नाही. वाहनतळ सोडला की पुन्हा वाहनतळापर्यंत एकही माणूस भेटला नाही, असं आडवारी सहज होतं. जनावरांच्या वाटा भरपूर, पण त्या वॉलबी (छोटा कांगारू) आणि वॉम्बॅटच्या (बिळात राहणारा गुबगुबीत प्राणी). त्या गोठ्याकडे जात नाहीत. झुडपात जाऊन विरतात.

दुसरी गोष्ट डोंगराच्या रचनेची. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. गडावर आपण सकाळी ताज्या पायांनी चढतो आणि दमल्यावर उतरतो. वरून गाव दिसत असतं, उतार पायाला ओढत असतो, उशीर झाला तरी माणूस खाली येऊन पोहोचतो. सिडनीच्या भोवतालचा बराचसा डोंगराळ मुलूख याच्या उलट आहे. ब्लू माउंटन्स घ्या की बंगोनिया, गाडी थेट पठारावर जाते आणि दऱ्या त्या पठारात खाली कोरलेल्या आहेत. म्हणजे सकाळी थंड हवेत, गप्पा मारत, भराभर उतरायचं आणि दुपारी पाणी संपत आलेलं असताना, मांड्या भरून आलेल्या असताना चढायचं. उतरताना ‘किती सोपं आहे’ असं वाटतं आणि तिथेच हिशेब चुकतो. दमल्यावर खाली यायची सोय इथे नाही, कारण घर वर आहे. त्यामुळे खाली पोहोचायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दीडपट तरी वर यायला धरा. पाण्याचंही तसंच. घळीच्या तळाशी पोहोचाल तेव्हा निम्म्याहून जास्त पाणी पाठीवर शिल्लक असलं पाहिजे.

आता ते चार किलोमीटर. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये चालण्याचा एक ठोकताळा दिला, तो आजही जगभर वापरतात: ताशी साधारण पाच किलोमीटर, वर दर सहाशे मीटर चढाईला एक तास जादा. या फेरीत साडेतीनशे-चारशे मीटर चढ धरला तरी त्या हिशेबाने दीड तासात काम व्हायला हवं. प्रत्यक्षात चार-पाच तास लागतात. हा फरक सगळा तळातल्या दगडांचा आहे. बंगोनिया क्रीक नावाच्या ओढ्याने चुनखडीत चिरत नेलेली ती अरुंद घळ आहे. दोन्ही बाजूंना उभ्या भिंती आणि मधे खोलीएवढाले धोंडे एकमेकांवर रचल्यासारखे पडलेले. तिथे चालणं असं नसतंच. एका धोंड्यावर चढा, बसून घसरत उतरा, पाठीवरची पिशवी काढून पुढच्याच्या हातात द्या, कपारीतून वाका, पुढे वाट नाही म्हणून मागे या, दुसऱ्या बाजूने बघा. अशा जागी ताशी एक किलोमीटर झाला तरी तो चांगला वेग. चौघं असाल तर प्रत्येक अडचणीच्या जागी चौघांचा वेळ जातो, हेही धरायला हवं.

दिशेबद्दल सांगतो, कारण हे सहसा कोणी सांगत नाही आणि आपल्या लोकांना इथेच हमखास चकवा बसतो. पुण्या-मुंबईकडे मे ते जुलैमधले काही आठवडे सोडले तर दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. सूर्याकडे तोंड केलं की डाव्या हाताला पूर्व, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. आपण ते विचार करून ठरवत नाही, शरीरच ठरवतं. सिडनी चौतीस अंश दक्षिणेला आहे, इथे दुपारचा सूर्य बारा महिने उत्तरेला. सूर्याकडे तोंड केलं की पूर्व उजव्या हाताला. आकाशातून तो उजवीकडून डावीकडे सरकतो. नकाशा न बघता, नुसत्या अंदाजाने ‘आपल्याला तिकडे जायचंय’ असं ठामपणे सांगणारा माणूस नेमका उलटा हात दाखवतो. पहिली एक-दोन वर्षं आपल्या दिग्ज्ञानावर अजिबात विश्वास ठेवू नका. याचाच दुसरा भाग असा की इथे दक्षिणेकडे तोंड असलेले उतार सावलीत राहतात. शेवाळ, नेचे, ओली माती तिकडे. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी त्या बाजूचा दगड निसरडा असू शकतो.

होकायंत्राचंही तसंच आहे. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, त्यामुळे तिथे कोणी दुरुस्ती करत बसत नाही आणि काही बिघडतही नाही. सिडनीच्या परिसरात चुंबकाची सुई खऱ्या उत्तरेच्या पूर्वेला सुमारे साडेबारा-तेरा अंश झुकते. नकाशावरून काढलेल्या कोनातून तेवढे अंश वजा केले नाहीत तर किलोमीटरभर चालल्यावर तुम्ही दोनशे मीटरहून जास्त बाजूला असता. दरीच्या काठावर दोनशे मीटर म्हणजे डोंगराची वेगळीच सोंड. शिवाय तिकडून आणलेलं होकायंत्र इथे नीट चालत नाही. पृथ्वीचं चुंबकत्व इथे सुईचं दुसरं टोक खाली ओढतं, आणि उत्तर गोलार्धासाठी तोललेली सुई तबकडीला घासून अडकते. इथे घेतलेलं किंवा जगभर चालेल असं तोललेलं होकायंत्र घ्या.

नकाशा न्यू साउथ वेल्सच्या सर्वेक्षण खात्याचा १:२५,००० चा घ्या. कागदावर एक आणि फोनमध्ये उतरवून घेतलेला एक. आपल्याकडच्या १:५०,००० च्या टोपोशीटपेक्षा तो दुप्पट तपशिलाचा आहे, समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) दहा-दहा मीटरवर आहेत. तरी एक लक्षात ठेवा: दोन रेषांमध्ये आठ-नऊ मीटरचा कडा लपू शकतो. नकाशावर सोंड अखंड उतरताना दिसेल आणि प्रत्यक्षात मधेच दोन मजली घरापेक्षा उंच कातळ आडवा येईल. म्हणून ‘नकाशावर रेषा विरळ आहेत, चला सरळ उतरू’ हा शॉर्टकट इथे कधीच घ्यायचा नाही. आणि फोनवरचा निळा ठिपका अरुंद घळीत खोटं बोलतो. उंच भिंतींमुळे थोडेच उपग्रह दिसतात, भिंतींवर आपटून येणारे संकेत त्यात गोंधळ घालतात, आणि ठिपका मजेत पलीकडच्या कड्यावर जाऊन बसतो. घळीत दोनच दिशा असतात, प्रवाहाच्या बरोबर आणि प्रवाहाच्या विरुद्ध. तिथे ठिपक्यापेक्षा ओढ्याची वळणं मोजत जा. ठिपक्याचा खरा उपयोग घळीत शिरताना आणि घळीतून बाहेर पडायची वाट शोधताना आहे.

आता मुख्य विषय, खुणा विरळ असलेली वाट धरून ठेवणं.

वाट ‘चुकली’ असं कधी एका क्षणी होत नाही. माणूस आधी एका फाट्यावर जरा कमी मळलेली बाजू धरतो, मग ‘पुढे मिळेल’ म्हणत शंभर पावलं जातो, मग झुडपं दाट होतात, मग थोडं घसरून खाली उतरतो, आणि मग मागे चढून जायचा कंटाळा येतो. शेवटच्या त्या कंटाळ्यामुळे लोक अडकतात. म्हणून आमच्या गटात एक नियम कडक पाळतो. शेवटची खात्रीची खूण कुठली होती हे प्रत्येकाला कुठल्याही क्षणी सांगता आलं पाहिजे. पाच मिनिटं चालून नवी खूण मिळाली नाही की थांबायचं, मागच्या खुणेपाशी परत जायचं. तिथे एकाने उभं राहायचं आणि दोघांनी दोन बाजूंना, हाकेच्या टप्प्यात राहून वाट बघून यायचं. सगळ्यांनी मिळून शोधायला निघायचं नाही, कारण मग परत यायची खूणच हरवते. या सगळ्यात दहा मिनिटं जातात. ती मुळीच वाया जात नाहीत.

खूण म्हणजे फक्त खांब किंवा बाण नव्हे. बारकाईने बघितलं तर माणसाची वाट स्वतःच खूप काही सांगते. चुनखडीच्या किंवा वालुकाश्माच्या कातळावर दगडफूल धरलेलं असतं, करडं, हिरवट, खरबरीत. जिथून पावलं जातात तिथे ते घासून निघून गेलेलं असतं आणि दगडाचा फिका, गुळगुळीत पट्टा उघडा पडलेला असतो. तिरपा उजेड असला तर तो पट्टा लांबूनही ओळखू येतो. वाटेवर आडवी आलेली मुळं वरच्या बाजूने झिजून चकचकीत झालेली असतात. आडव्या पडलेल्या ओंडक्याला करवतीने कापलेलं सपाट तोंड असेल तर ती देखभाल होणारी वाट. आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे फांद्यांची उंची. वॉलबीची वाट जमिनीवर अगदी स्वच्छ, मळलेली दिसते, पण छातीच्या उंचीवर फांद्या जशाच्या तशा आडव्या असतात, कारण ती खालून जाते. तुम्हाला सारखं वाकावं लागत असेल, चेहऱ्यावर फांद्या येत असतील आणि पायाखाली मात्र वाट छान असेल, तर तुम्ही जनावराच्या वाटेवर आहात. मागे फिरा. आपल्याकडे कारवीत शिरल्यावर हेच होतं, फक्त तिथली गुरं थोडी उंच.

दगडांच्या लगोरींवर आंधळा विश्वास नको. कोणीही, कुठेही, हौसेने चार दगड रचून जातं. एका लगोरीवरून पुढची दिसली, तिथून तिसरी दिसली, तर तो माग. एकटीच असेल तर ती फक्त ‘इथे कोणीतरी येऊन गेलं’ एवढंच सांगते, आणि ते कोणीतरी वाट चुकलेलंही असू शकतं. धोंड्यांच्या पसाऱ्यात तर पाऊलवाट उमटतच नाही. तिथे शूज घासून पडलेले काळे ओरखडे, धोंड्यांमधल्या मातीत उठलेले ठसे, हात टेकून गुळगुळीत झालेल्या कडा हेच बघत जायचं. दर वीस-पंचवीस पावलांनी मागे वळून बघायची सवय लावा. परत फिरायची वेळ आली तर मागची बाजू आपण आधी पाहिलेली असली पाहिजे, कारण तीच जागा उलट्या दिशेने पूर्ण वेगळी दिसते.

फेरी कुठल्या बाजूने करायची, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचारायला हवा होता. सोंडा चढताना एकत्र येतात. कुठल्याही उपसोंडेवरून वर निघालात तरी शेवटी मुख्य धारेवर पोहोचता. उतरताना त्याच सोंडा फुटत जातात. प्रत्येक उंचवट्यापाशी दोन फाटे, आणि दोन्ही सारखेच पटतात. ओढ्यांचं याच्या बरोबर उलट. म्हणून खुणा नसलेली सोंड शक्यतो चढायला घ्यावी आणि मळलेली वाट उतरायला. हात टेकायच्या जागाही चढताना सोप्या, कारण धर डोळ्यासमोर असतो. उतरताना पाय चाचपडतो. पण राष्ट्रीय उद्यानाने एखाद्या फेरीसाठी दिशा सुचवली असेल तर तीच पाळा. त्यामागे दरड, घसारा, अरुंद जागी समोरासमोर होणारी गर्दी अशी कारणं असतात, आणि ती आपल्याला नकाशावर दिसत नाहीत.

घसाऱ्यावर एकाच्या डोक्यावर दुसरा अशा रांगेत उतरू नका. एक तर अगदी चिकटून चला, म्हणजे सुटलेला दगड वेग घेण्याआधीच पुढच्याच्या पायाशी थांबतो, नाहीतर एकेकाने उतरून बाजूला आडोशाला उभं राहा. दगड सुटला की न लाजता मोठ्याने ओरडायचं. बंगोनियाच्या घळीत वरून दगड येण्याची भीती कायम असते, पलीकडच्या अंगाला चुनखडीची खाणही आहे. त्यामुळे चौघांच्या डोक्यावर हेल्मेट हवंच. भिंतीखाली डबा उघडून बसायचं नाही, फोटोसाठी रेंगाळायचं नाही. बसायचं ते मोकळ्यात.

आता ज्या निर्णयावर सगळी फेरी अवलंबून आहे त्याकडे येतो. सरळ जाऊन त्याच वाटेने परत यायचं असेल तर कुठेही मागे फिरता येतं, आणि पुढची वाट कशी आहे ते माहीत असतं. फेरीत तसं नाही. निम्मं अंतर ओलांडलं की मागे जाणं आणि पुढे जाणं सारखंच लांब. मग दमलेला माणूस नेहमी पुढचं, न पाहिलेलं निवडतो, ‘आता एवढं आलोच आहोत’ म्हणून. त्यामुळे मागे फिरायचं की नाही हे निम्म्यावर ठरवायचंच नाही. त्याच्या आधी, ओढ्याच्या काठावर, धोंड्यांमध्ये शिरण्यापूर्वी ठरवायचं, आणि कुठल्या कारणांवरून ठरवायचं ते घरीच, आदल्या दिवशी लिहून ठेवायचं. समजा हिवाळ्यात सकाळी आठला निघालात. दहापर्यंत ओढ्याशी पोहोचलो नाही तर परत. पाणी गढूळ किंवा नेहमीपेक्षा जोरात असेल तर परत. वरच्या खोऱ्यात ढग असतील तर परत, कारण अरुंद घळीत पाणी चढायला लागलं की बाजूला सरकायला जागा नसते. ओली चुनखडी तर साबणासारखी होते. आणि चौघांतला जो सगळ्यात दमलेला आहे त्याला विचारा, ‘आत्ता जे उतरलो तेवढं पुन्हा चढशील का?’ उत्तर द्यायला तो थांबला तरी परत. नेता म्हणून तुम्ही त्याच्या वतीने उत्तर देऊ नका. आपल्या लोकांत भिडेखातर ‘नाही हो, चालतंय की’ म्हणणारे फार. हा प्रश्न सगळ्यांसमोर न विचारता जरा बाजूला घेऊन विचारलात तर खरं उत्तर मिळतं.

उजेडाचं गणित वेगळं मांडा. जूनमध्ये सिडनीच्या आसपास पाच वाजता सूर्य मावळतो, आणि घळीत ऊन त्याच्या दोन तास आधीच गेलेलं असतं. एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. आदल्या आठवड्यात सातच्या सुमारास मावळणारा सूर्य अचानक सहाच्या आत मावळतो. तुम्ही म्हणता तो एप्रिलचा बेत नेमका याच दिवसांतला आहे. चौघांकडे चार हेडटॉर्च हव्यात. फोनचा दिवा धरायला नाही, फोनची बॅटरी वाचवायची आहे.

घळीत फोन लागणार नाही असंच धरून चला. ४०६ मेगाहर्ट्झवर चालणारा पीएलबी, म्हणजे वैयक्तिक आपत्कालीन बीकन, सोबत घ्या. तो उपग्रहामार्फत थेट बचाव यंत्रणेपर्यंत पोहोचतो, त्याला महिन्याचं शुल्क नाही, आणि ऑस्ट्रेलियाच्या सागरी सुरक्षा प्राधिकरणाकडे त्याची नोंदणी मोफत होते. स्वतःचा घेतलात तर नोंदणी करायला विसरू नका, नाहीतर कोण अडकलंय, किती जण आहेत हे शोधण्यातच वेळ जातो. ब्लू माउंटन्समध्ये पोलीस आणि राष्ट्रीय उद्यान विभाग तो काही दिवसांसाठी मोफत वापरायलाही देतात. फोनमध्ये ‘इमर्जन्सी प्लस’ हे अ‍ॅप ठेवा, त्यात तुमची जागा अक्षांश-रेखांशासह दिसते. आणीबाणीचा क्रमांक ०००.

राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावर सहलीची आगाऊ माहिती भरायचा अर्ज आहे, तो भरा. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे सिडनीतल्याच एका जाणत्या माणसाला सगळं लिहून द्या: गाडीचा क्रमांक, गाडी कुठे लावणार, कुठली फेरी, कुठल्या दिशेने, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर पोलिसांना फोन करायचा. पुण्याला आईला फोटो पाठवून ‘निघालो गं’ सांगणं म्हणजे हे नव्हे. तिला इथल्या पोलिसांना काय सांगायचं हे कळणार नाही, आणि ती बिचारी रात्रभर जागी राहील. चौघं आहात ही संख्या उत्तम आहे. एकाला लागलं तर एक त्याच्यापाशी थांबतो आणि दोघं मिळून मदतीला जातात, कोणीच एकटं पडत नाही.

सापांबद्दल तुम्ही खोदून विचारलंय. ईस्टर्न ब्राउन आणि लाल पोटाचा काळा साप या भागात आहेत, उन्हाळ्यात ते वाटेवर ऊन खात पडलेले दिसतात. लांब पँट, गेटर (पोटऱ्यांवर बांधायचं जाड आवरण), बघून पाऊल आणि विशेषतः बघून हात. धोंड्यांच्या फटीत न बघता बोटं घालायची नाहीत. दंश झालाच तर इथला उपचार आपल्याकडच्यापेक्षा वेगळा आहे, तो नीट समजून घ्या. ऑस्ट्रेलियात घोणस-फुरशांच्या कुळातले साप नाहीत. इथल्या विषारी सापांचं विष मुख्यतः रसवाहिन्यांतून अंगात पसरतं. म्हणून सत्तरच्या दशकाच्या अखेरीस स्ट्रुआन सदरलँड यांनी दाबपट्टीची पद्धत रूढ केली. रुंद लवचीक पट्टी आधी दंशावर, मग बोटांपासून वर संपूर्ण पायावर किंवा हातावर, मुरगळलेल्या घोट्याला बांधतो तेवढ्या ताणाने गुंडाळायची. वरून काठी बांधून तो अवयव हलू द्यायचा नाही. माणसाला चालवायचं नाही, अगदी चार पावलंही नाही. जागा धुवायची, कापायची, चोखायची नाही. पट्टीवर दंशाची जागा आणि वेळ पेनाने लिहायची आणि बीकन सुरू करायचा. घोणसीच्या दंशाला मात्र अशी घट्ट पट्टी बांधत नाहीत, कारण त्या जागचं मांस सडण्याचा धोका वाढतो. त्यामुळे सुट्टीत तिकडे गेलात की हे ज्ञान तसंच्या तसं वापरू नका. प्रत्येकाकडे दहा-पंधरा सेंटिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या असू द्या, आणि घरी एकदा एकमेकांच्या पायावर बांधून बघा. पहिल्या खेपेला सगळ्यांचीच पट्टी गुडघ्याशी संपते.

बाकी सामानाचं तुम्हाला कळतं. पाणी माणशी तीन-चार लिटर, ओढ्याच्या पाण्यावर विसंबू नका. हातमोजे जरूर घ्या, चुनखडीच्या कडा हात सोलून काढतात. बुटांवर मोठा खर्च करायची गरज नाही. आपल्याकडे जसे ‘अ‍ॅक्शन ट्रेकिंग’चे स्वस्त बूट कातळाला चिकटतात म्हणून पिढ्यानपिढ्या चालत आले, तसे इथले जुने बुशवॉकर, म्हणजे रानात (बुशमध्ये) भटकणारे, ‘डनलॉप व्हॉली’ नावाचे साधे कॅनव्हासचे बूट घालून दऱ्या उतरत आले आहेत. तळवा मऊ आणि पकड चांगली हवी, एवढंच. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ असलं की झालं. फळांची सालंसुद्धा परत आणायची.

ऋतू म्हणाल तर एप्रिल-मे किंवा ऑगस्ट-सप्टेंबर. न्यू साउथ वेल्समध्ये १ ऑक्टोबर ते ३१ मार्च हा वणव्यांचा अधिकृत हंगाम. त्या काळात रोजची आगीच्या धोक्याची पातळी बघायची. २०२२ पासून मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम आणि कॅटॅस्ट्रॉफिक अशा चार पातळ्या आहेत. वरच्या दोन्हींत बुशमध्ये पाऊल टाकायचं नाही, मग सुट्टी कितीही आधी काढलेली असो. अशा दिवशी उद्यानं बंदही करतात. वणवा चढावर जास्त वेगाने धावतो आणि तुमची सुटकेची वाट तर चढाची आहे, एवढं सांगितलं की पुरे.

येत्या शनिवारी बंगोनिया नको म्हणालो ते याच सगळ्यासाठी. त्याऐवजी ब्लॅकहीथजवळच्या पेरीज लुकडाउनवरून ब्लू गम फॉरेस्टमध्ये उतरा आणि त्याच वाटेने परत वर या. सहाशे मीटरहून जास्त उतार आणि तेवढाच चढ, वाट मळलेली, त्यामुळे उलट्या डोंगराची परीक्षा होते पण हरवायची भीती कमी. खाली ग्रोस नदीकाठी निळसर-पांढऱ्या खोडांचे प्रचंड वृक्ष आहेत. १९३१-३२ मध्ये ते तोडले जाणार होते, तेव्हा सिडनीच्या बुशवॉकर मंडळींनी मंदीच्या काळात पैसे जमवून त्या जमिनीचा भाडेपट्टा १३० पौंडांना विकत घेतला आणि जंगल वाचवलं. ते डोळे भरून बघा, पण खाली पोहोचल्याची वेळ टिपून ठेवा आणि वर आल्याचीही. त्या दोन आकड्यांवरून तुमच्या चौघांचा खरा वेग कळेल. नेस्मिथपेक्षा तो आकडा तुम्हाला जास्त उपयोगी.

वर यायला उतरण्याच्या दीडपटीहून जास्त वेळ लागला नाही, कोणाचे गुडघे बोलले नाहीत आणि प्रत्येकाला नकाशावर बोट ठेवून ‘आपण इथे आहोत’ हे सांगता आलं, तर पुढचा कोरडा आठवडा बघून बंगोनिया करा. निघायच्या आदल्या संध्याकाळी राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावर वाट उघडी आहे की बंद ते पुन्हा बघा. अतिवृष्टीनंतर किंवा दरड कोसळल्यावर या वाटा महिनोन्‌महिने बंद ठेवतात, आणि बंदचा फलक ओलांडून आत गेलेल्यांना सोडवायला शेवटी स्वयंसेवकच जीव धोक्यात घालून उतरतात. वाहनतळावर परत पोहोचलात की जेवायला बसण्याआधी, रेंज येईल तिथे गाडी थांबवून, त्या सिडनीतल्या माणसाला ‘आलो’ एवढा निरोप टाका.